पाहुणा नव्हे, घरचा!

रोटरीच्या युवा विनिमय योजनेतून परदेशी जाणाऱ्या मुलामुलींच्या हाती निघण्यापूर्वी एक प्रश्नावली दिली जाते. 'पहिल्या रात्रीचे प्रश्न' या नावाने ती ओळखली जाते. यजमान कुटुंबात पाऊल ठेवल्यावर पहिल्या रात्रीच, निदान पहिल्या दोन-तीन दिवसांत, हे प्रश्न घरच्यांना विचारून घ्यावेत, अशी अपेक्षा असते. तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू? मळलेले कपडे कुठे ठेवायचे आणि ते धुवायचे कोणी? सकाळी बाथरूम कोणी किती वाजता वापरायचे? फ्रिजमधले काय न विचारता घेतलेले चालेल? स्वतःचे अंथरूण आवरण्याखेरीज घरातले कोणते काम माझ्याकडे? प्रश्न वरवर पाहता किरकोळ आहेत. परंतु सातासमुद्रापलीकडे अनोळखी माणसांच्या घरात दहा महिने काढणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाचे वर्ष कसे जाईल, हे बव्हंशी याच प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते.

महाविद्यालयीन शिक्षणासाठी परदेशी जाणारा विद्यार्थी आता मराठी मध्यमवर्गाला नवा राहिलेला नाही. शालेय वयात जाणारा 'एक्स्चेंज स्टुडंट' मात्र अजूनही फारसा परिचित नाही. दोघांत मोठा फरक आहे. महाविद्यालयीन विद्यार्थी वसतिगृहात राहतो, शुल्क भरतो आणि पदवी घेऊन येतो. एक्स्चेंज स्टुडंट एका कुटुंबात राहतो, जवळच्या शाळेत जातो आणि हाती बहुधा एखादे प्रमाणपत्र घेऊन परततो. ज्या घरात तो राहतो, त्या घराला यासाठी पैसे मिळत नाहीत. संपूर्ण व्यवस्थेचा पाया हाच आहे आणि तिचा कच्चा दुवाही हाच आहे.

रुग्णवाहिकांपासून शाळेपर्यंत

या कल्पनेचा उगम युद्धात आहे, हे वाचून अनेकांना नवल वाटेल. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, ए. पायट अँड्र्यू यांनी फ्रान्समध्ये जखमी सैनिकांसाठी अमेरिकी स्वयंसेवकांची रुग्णवाहिका सेवा उभी केली. 'अमेरिकन फील्ड सर्व्हिस' हे तिचे नाव. दुसऱ्या महायुद्धातही या स्वयंसेवकांनी काम केले. युद्ध संपल्यावर संस्थेचे प्रमुख स्टीफन गलाटी आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढे प्रश्न होता, की आता करायचे काय? जखमींना उचलण्यापेक्षा पुढच्या पिढीची एकमेकांशी ओळख करून द्यावी, या विचारातून शालेय विद्यार्थ्यांची देवाणघेवाण सुरू झाली. १९४७ मध्ये दहा देशांतील ५२ विद्यार्थी अमेरिकेत दाखल झाले. हीच संस्था आज 'एएफएस' या नावाने जगभर ओळखली जाते. १९५१ मध्ये रेचल अँड्रेसन यांच्या पुढाकाराने ७५ जर्मन किशोरवयीन मुले मिशिगन राज्यातील घरांमध्ये राहावयास आली. कालपर्यंत शत्रू असलेल्या राष्ट्रातील मुलांना आपल्या जेवणाच्या टेबलावर बसवण्याचा हा प्रयोग 'यूथ फॉर अंडरस्टँडिंग' संस्थेची सुरुवात ठरला. परक्या देशात कुटुंबात राहून शिकण्याची कल्पना त्याहून जुनी. डोनाल्ड वॅट यांनी 'एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग' १९३२ मध्येच सुरू केले होते.

पुढे सरकारांनाही यात रस वाटू लागला. १९८३ मध्ये अमेरिकी काँग्रेस आणि तत्कालीन पश्चिम जर्मनीची संसद यांनी मिळून एक शिष्यवृत्ती सुरू केली. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर तिथल्या मुलांसाठी 'फ्लेक्स' ही योजना आली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर, मुस्लिम लोकसंख्या लक्षणीय असलेल्या देशांतील मुलांसाठी अमेरिकी काँग्रेसने केनेडी-लुगर युवा विनिमय योजना आखली. तिची पहिली तुकडी २००३ मध्ये अमेरिकेत पोहोचली. भारतातील विद्यार्थीही या योजनेतून गेले आहेत. प्रत्येक मोठ्या कलहानंतर एखादी नवी योजना जन्माला यावी, हा योगायोग म्हणता येणार नाही.

कायदा काय सांगतो

अमेरिकेत अशा विद्यार्थ्याला 'जे-१' व्हिसा मिळतो. परराष्ट्र खात्याच्या नियमांनुसार विद्यार्थ्याचे वय १५ ते साडेअठरा वर्षांच्या दरम्यान असावे लागते किंवा त्याचे शालेय शिक्षण, बालवर्ग वगळता, अकरा वर्षांपेक्षा अधिक झालेले नसावे लागते. मुक्काम एका सत्राचा किंवा एका शैक्षणिक वर्षाचा. शाळेची लेखी संमती आधी मिळवावी लागते आणि यजमान घर ३१ ऑगस्टपूर्वी निश्चित व्हावे लागते. कोणते राज्य, कोणते गाव, हे ठरवण्याचा अधिकार सहसा विद्यार्थ्याला नसतो. न्यूयॉर्क किंवा सॅन फ्रान्सिस्कोची स्वप्ने पाहणाऱ्याच्या वाट्याला आयोवातील मक्याच्या शेतांमधले छोटेसे गाव येऊ शकते. किंबहुना तसेच काही येईल, असे धरून चालणे शहाणपणाचे.

यजमान कुटुंबाला मोबदला देण्यास 'जे-१' योजनेत बंदी आहे. प्राप्तिकरात महिन्याला कमाल ५० डॉलरची वजावट तेवढी मिळू शकते. खासगी शाळांमध्ये 'एफ-१' व्हिसावर जाणाऱ्या मुलांना ठेवून घेणारी कुटुंबे मात्र दरमहा पैसे घेतात. दोन्ही प्रकारांना सरसकट 'होमस्टे' म्हटले जात असल्याने पालकांचा गोंधळ होतो. एजंटाने दिलेल्या माहितीपत्रकात व्हिसाचा प्रकार कोणता लिहिला आहे, हे सर्वप्रथम पाहावे.

यजमानांची निवड करताना घरातील अठरा वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली जाते. प्रत्यक्ष घरी जाऊन मुलाखत घेतली जाते. स्वयंपाकघर, न्हाणीघर, मुलाची खोली आणि घराचा बाहेरील परिसर यांची छायाचित्रे संस्थेकडे ठेवावी लागतात. स्थानिक समन्वयक १२० मैलांच्या आत राहणारा असावा आणि त्याने दर महिन्याला विद्यार्थ्याशी व कुटुंबाशी स्वतंत्रपणे संपर्क साधावा, असेही बंधन आहे. एवढे बारकावे सुरुवातीपासून नव्हते. २००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्क्रॅन्टन येथे परदेशी मुलांना अतिशय अस्वच्छ घरांत ठेवल्याचे आणि काहींची उपासमार होत असल्याचे उघडकीस आले. त्यावरून अमेरिकेत मोठे वादळ उठले आणि २०१० मध्ये नियम कडक करण्यात आले. छायाचित्रांची अट त्यानंतरची आहे.

रोटरीची योजना थोडी निराळी. ती १५ ते १९ वयोगटासाठी असून वर्षभरात साधारणतः दोन ते चार कुटुंबांत राहण्याची पद्धत आहे. यजमान क्लब विद्यार्थ्याला थोडा हातखर्चही देतो. मद्य, अमली पदार्थ, वाहन चालवणे आणि प्रेमप्रकरण या चार गोष्टींना मज्जाव असतो. यापैकी पहिल्या दोहोंचे कारण सांगावे लागत नाही. तिसऱ्याचा जाच मात्र रोजचा असतो, कारण अमेरिकेच्या लहान गावात मोटारीवाचून पान हलत नाही आणि बस असते ती फक्त शाळेची, पिवळी. मैत्रिणीकडे जायचे, वाचनालयात जायचे, नाटकाच्या तालमीला थांबायचे, तर यजमान आई-वडिलांपैकी कोणीतरी सोडायला आणि आणायला हवे. त्यासाठी दोन दिवस आधी सांगण्याची सवय लावून घ्यावी लागते. पुण्या-मुंबईत रिक्षाला हात करणाऱ्या मुलाला हे परावलंबित्व सुरुवातीला फार खुपते.

'नको' म्हटले आणि उपाशी राहिले

भारतीय मुलांची खरी परीक्षा शाळेत नसते. गणित बहुधा सोपेच जाते, आणि विषय स्वतः निवडण्याची मुभा, दर तासाला वर्ग बदलणे, शुक्रवारी रात्री सारे गाव फुटबॉलच्या सामन्याला लोटणे, या गोष्टींची गंमतच वाटते. अडचण येते ती घरात.

आपल्याकडे ताटात वाढताना पहिल्यांदा 'नको' म्हणणे हा शिष्टाचार असतो. समोरच्याने आग्रह करावा, मग थोडे घ्यावे. अमेरिकी यजमान एकदा विचारतो. नको म्हटले, की विषय संपतो; पुन्हा विचारणे म्हणजे मुलाच्या शब्दाचा मान न ठेवणे, असे त्याला वाटते. तिकडे मूल खोलीत जाऊन डब्यातली चकली खात बसते आणि इकडे यजमान आईला वाटते, की हिला आपला स्वयंपाक आवडत नाही. दोघांचेही वागणे आपापल्या रीतीने सभ्यच असते.

आभारांचेही तसेच. मराठी घरात आईला जेवणाबद्दल 'थँक यू' म्हटले, तर ती चमकून पाहील. आभार परक्याचे मानायचे असतात. अमेरिकी घरात मीठ पुढे केले तरी आभार मानले जातात आणि ते न मानणारा उद्धट ठरतो. वडीलधाऱ्यांना नावाने हाक मारणे तर अनेकांना जमतच नाही. मग आठवडेच्या आठवडे हाक न मारता, समोर जाऊन उभे राहून काम भागवले जाते. पहिल्या रात्रीच्या प्रश्नांत हाकेचा प्रश्न घातला आहे, तो उगाच नव्हे.

दरवाजाची भाषा आणखी वेगळी आहे. अभ्यासासाठी खोलीत दार लावून बसणारे मूल आपल्याकडे गुणी समजले जाते. तिकडे सतत बंद दाराआड राहणारा विद्यार्थी 'कुटुंबात मिसळत नाही' अशी नोंद समन्वयकाकडे होऊ शकते. भांडी डिशवॉशरमध्ये लावणे, कचरापेटी रस्त्याकडेला नेऊन ठेवणे, गवत कापणे, कुत्र्याला फिरवून आणणे ही कामे मुलांच्या वाट्याची असतात. घरकामाला बाई असलेल्या घरांतून गेलेल्या मुलांना काम सांगितले की अपमान वाटतो. वास्तविक त्या दिवसापासून त्यांचे पाहुणेपण संपलेले असते आणि ही चांगली खूण असते.

शाकाहारी मुलांनी अर्जातच तसे स्पष्ट लिहावे. मांस खात नाही एवढे पुरत नाही. अंडी चालतात का, मांस शिजवलेल्या भांड्यातले चालेल का, हेही सांगावे लागते. सूपमध्ये बीफचे पाणी आणि मार्शमॅलोमध्ये जिलेटिन असते, हे यजमानांनाही चटकन आठवत नाही. रविवारी चर्चला चलण्याचे आमंत्रण बहुतेक घरांतून येते. ते स्वीकारण्यात वावगे काही नाही. सक्ती मात्र कोणी करू शकत नाही.

घरची आठवण ही या वर्षाची अटळ गोष्ट. परक्या संस्कृतीत माणसाला बसणाऱ्या धक्क्याला 'कल्चर शॉक' हा शब्द रुळवला तो मानववंशशास्त्रज्ञ कॅलेर्व्हो ओबर्ग यांनी, १९५४ मध्ये रिओ दि जानेरोतील एका महिला क्लबपुढे दिलेल्या भाषणात. पुढच्याच वर्षी नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांच्या अभ्यासावरून मांडले, की सुरुवातीचा उत्साह, मग घसरण आणि पुन्हा सावरणे असा हा आलेख असतो. सर्वांचा आलेख असाच असतो असे नाही, हे नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले. पण दिवाळीच्या सुमारास, थंडी वाढून दिवस लहान होऊ लागतात तेव्हा, मुले खचतात, हा अनुभव मात्र सार्वत्रिक म्हणावा असा.

पूर्वी अशा वेळी पत्र लिहिले जाई आणि उत्तर येईपर्यंत महिना उलटून दुःखही ओसरलेले असे. आता व्हिडीओ कॉल हाताशी आहे. शिकागोत उन्हाळ्यात संध्याकाळचे सात वाजतात, तेव्हा भारतात दुसऱ्या दिवशीच्या पहाटेचे साडेपाच झालेले असतात. आई उठलेली असते, मूल रडवेले झालेले असते, आणि नेमकी तीच यजमान घराची जेवणाची वेळ असते. रोज फोन करू नये, हा संस्थांचा सल्ला पालकांना निष्ठुर वाटतो. परंतु मन पुण्यात आणि शरीर ओहायोत, अशा अवस्थेत वर्ष गेले तर विमानाचे भाडे वाया गेले असेच म्हणावे लागेल.

बिघडले तर

कुटुंबाशी जमलेच नाही, तर ते बदलता येते. हा दोष नव्हे आणि शिक्षाही नव्हे. आधी यजमानांशी बोलावे, मग समन्वयकाशी, त्यानेही भागले नाही तर थेट प्रायोजक संस्थेशी. अमेरिकी परराष्ट्र खात्याने या विद्यार्थ्यांसाठी निःशुल्क दूरध्वनी ठेवला आहे. तो क्रमांक मुलाजवळ असायलाच हवा. छळ, अंगचटीला येणे किंवा उपासमार असा प्रकार असेल, तर या पायऱ्या चढत बसण्याचे कारण नाही. मुलींनाच नव्हे, मुलांनाही हे निघण्यापूर्वी उघड शब्दांत सांगितले पाहिजे. आपल्याकडे या विषयावर संकोच बाळगला जातो, तो इथे महागात पडू शकतो. किरकोळ कुरबुरीत मात्र भारतातून पालकांनी यजमानांना परस्पर फोन करणे टाळावे. त्याने बहुधा बिघडतेच.

योशिहिरो हात्तोरीची हकिगत या संदर्भात अजूनही सांगितली जाते. नागोया येथील हा १६ वर्षांचा मुलगा १९९२ मध्ये 'एएफएस'तर्फे लुइझियानातील बॅटन रूज येथे आला. १७ ऑक्टोबरच्या रात्री तो यजमान कुटुंबातील मुलाबरोबर हॅलोवीनच्या पार्टीला निघाला आणि चुकून दुसऱ्याच घराची घंटा वाजवली. घरमालकाने पिस्तूल रोखून 'फ्रीझ', म्हणजे 'जागचा हलू नकोस', असे बजावले. हा शब्द योशीला कळला नसावा. तो पुढे आला आणि गोळी सुटली. फौजदारी खटल्यात घरमालक १९९३ मध्ये निर्दोष सुटला. दिवाणी न्यायालयाने १९९४ मध्ये साडेसहा लाख डॉलरची भरपाई देण्यास सांगितले. योशीच्या आई-वडिलांनी जपानमध्ये लाखो सह्या गोळा करून अमेरिकेतील बंदूक कायद्यांविरुद्ध मोहीम उघडली आणि अध्यक्ष बिल क्लिंटन यांची भेट घेतली. या मोहिमेत यजमान कुटुंब त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. योशीच्या नावाने निधी उभारून त्यातून अमेरिकी मुलांना जपानमध्ये बोलावण्याची सोय त्याच्या आई-वडिलांनी केली. मुलगा ज्या देशात गेला, त्या देशातील मुले आपल्या देशात यावीत, असे त्यांना वाटले.

१८ मे २०१८ रोजी टेक्सासमधील सांता फे येथील शाळेत झालेल्या गोळीबारात दहा जण ठार झाले. त्यांत कराचीहून आलेली सबिका शेख ही केनेडी-लुगर योजनेतील विद्यार्थिनी होती. रमजान नुकताच सुरू झाला होता आणि तिचे ख्रिस्ती यजमान कुटुंबही तिच्याबरोबर रोजे धरत होते. अशा घटना विरळा आहेत. पण पालकांच्या मनात त्या असतात आणि माहिती सत्रात त्या टाळून पुढे जाणारी संस्था विश्वासास पात्र म्हणता येणार नाही.

मराठी घरात परदेशी मूल

देवाणघेवाण म्हटल्यावर देणेही आले. रोटरीत मूल पाठवणाऱ्या क्लबाने परदेशी मूल स्वीकारावे, असा दंडक आहे. त्यामुळे ब्राझील, फ्रान्स, मेक्सिको, जर्मनी येथील मुले महाराष्ट्रातल्या शहरांमधूनही राहतात. त्यांच्या अडचणी नेमक्या उलट्या असतात. ताटात काही टाकू नये म्हणून संपवले, की पुन्हा वाढले जाते. भांडी घासायला उठले, की 'तू बस' म्हणून खाली बसवले जाते. खोलीचे दार लावले, की 'बरे नाही का?' म्हणून कोणीतरी ठोठावते. शेजारच्या काकू पहिल्याच भेटीत वडिलांचा पगार विचारतात. घरचे लोक जीव लावतात, पण संध्याकाळी सातनंतर मुलीला कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटी जाऊ देत नाहीत. अतिथी देव असतो खरा. मात्र देवाला घरातले काम सांगत नाहीत आणि मोकळेही सोडत नाहीत. वर्षभर देव होऊन राहणे सोळा वर्षांच्या मुलीला अवघड जाते.

यजमान मराठी कुटुंबांनी कागदोपत्रीही दक्ष राहावे. घरी उतरलेल्या परदेशी व्यक्तीची माहिती २४ तासांत कळवणे बंधनकारक आहे. १८० दिवसांपेक्षा अधिक मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलाची १४ दिवसांत विदेशी नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते.

आपल्या मुलांपुढे खरा पेच असतो तो अकरावीचा. अमेरिकी शाळा एक्स्चेंज विद्यार्थ्याला हायस्कूल डिप्लोमा देईलच, अशी हमी नसते आणि ते वर्ष आपल्या बारावीला पर्याय ठरत नाही. त्यामुळे दहावी झाल्यावर जाऊन परतल्यावर अकरावीला प्रवेश घेणे, हाच त्यातल्या त्यात सरळ मार्ग. एक वर्ष मागे पडते. प्रवेशपरीक्षेचे वर्ग नववीपासून लावणाऱ्या घरांना हे परवडत नाही. परत आल्यावर बरोबरीची मुले पुढच्या वर्गात, आपण नव्या चेहऱ्यांमध्ये, आणि घरी आईला दर वाढपाला 'थँक यू' म्हटल्यावर ती दुखावते. या परतीच्या धक्क्याची तयारी फार थोडे पालक करतात. लिसगार्ड यांच्या आलेखाला १९६३ मध्ये जॉन आणि जीन गुलाहॉर्न यांनी जोडलेली दुसरी घसरण ती हीच.

ऑगस्टमध्ये अमेरिकेला जायचे, तर अर्ज आणि मुलाखती आदल्या वर्षीच सुरू होतात. जून २०२५ मध्ये 'जे' व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरील खाती सार्वजनिक ठेवण्यास सांगण्यात आले. त्यामुळे व्हिसासाठी पुरेसा अवधी हाताशी असावा. अर्जात मुलाने अनोळखी यजमानांना उद्देशून एक पत्र लिहायचे असते. ते वाचूनच एखादे कुटुंब त्याला निवडते. आपल्याकडची मुले त्यात गुण, पदके आणि स्पर्धांतील क्रमांक यांची यादी देतात. त्याऐवजी रविवारी काय करतो, भावंडांशी कशावरून भांडण होते, काय खातो आणि काय खात नाही, हे लिहावे. आणि कुत्र्याची भीती वाटत असेल, तर तीही.